तीस मुलांमागे एक शाळा

१ जून १८६८ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको मुलुखात, फोर्ट समनर या लष्करी ठाण्यावर, अमेरिकेचे सरकार आणि नवाहो जमात यांच्यात एक तह झाला. त्याआधी चार वर्षे, १८६४ साली, सरकारी फौजेने या लोकांची शेते जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि आठ-दहा हजार माणसे तीनशेहून अधिक मैल पायी चालवीत नेऊन त्या ठाण्यावर कोंडली. तेथले पाणी खारट, पीक हाती लागेना, माणसे आजाराने मरू लागली, आणि त्यांना पोसण्याचा खर्चही सरकारला जड झाला. तेव्हा त्यांना आपल्या डोंगरांत परत जाऊ द्यावे असे ठरले. या तहनाम्यातली दोन कलमे आम्हाला आजच्या विषयाच्या निमित्ताने पुनःपुन्हा वाचावी लागली. एका कलमाने सरकारने नवाहोंना पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या देण्याचे कबूल केले. दुसऱ्याने असे ठरले की, सहा ते सोळा वर्षे वयाची जी मुले समजावून अगर सक्तीने शाळेत आणता येतील, त्यांच्यापैकी दर तीस मुलांमागे सरकार एक शाळागृह बांधील आणि इंग्रजी शिक्षणाची मूळाक्षरे शिकवण्यास लायक असा एक शिक्षक देईल.

मेंढ्या आणि शाळा! नवाहोंचा पुढचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन शब्दांभोवती फिरला आहे असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही.

आजचा आमचा विषय वरवर पाहता इतिहासाचा नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुले कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकण्यासाठी येतात तेव्हा त्यांना त्या अभ्यासात प्रवेश कसा सुकर करून द्यावा, असा तो प्रश्न आहे. या लोकांना आपल्याकडे अजूनही 'रेड इंडियन' म्हणण्याची सवय आहे. ते स्वतःला जमातीच्या नावाने ओळखतात, आणि नवाहोंचे स्वतःच्या भाषेतले नाव 'दिने', म्हणजे माणसे, लोक, असे आहे. त्यांच्यातला मुलगा किंवा मुलगी मोठ्या विद्यापीठात येते आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षातच परत जाते, हे तेथल्या प्राध्यापकांचे जुने गाऱ्हाणे आहे. त्यावर उपायही सांगितले जातात: गणिताची जादा शिकवणी, शिष्यवृत्ती, सुट्टीतले पूर्वतयारीचे वर्ग, मार्गदर्शक म्हणून वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी. हे उपाय खोटे नव्हेत. परंतु ते सगळे विद्यार्थ्यात काहीतरी कमी आहे असे गृहीत धरून सुचवलेले असतात. आम्ही पडलो इतिहासाचे विद्यार्थी. आम्हाला विचारावेसे वाटते की ही दरी पडली केव्हा, आणि पाडली कोणी?

तहातले शाळेचे कलम पुष्कळ वर्षे कागदावरच राहिले. दर तीस मुलांमागे शाळा तर सोडाच, सबंध मुलुखात बोटांवर मोजण्याइतक्या शाळा निघाल्या. आणि ज्या निघाल्या त्या मुख्यतः निवासी शाळा होत्या. निवासी शाळा म्हटले की आपल्या श्रोत्यांच्या मनात गुरुकुलाचे चित्र उभे राहील, म्हणून थोडा खुलासा केला पाहिजे. या शाळांचा नमुना होता पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली शाळा. मुलाला घरापासून शेकडो मैल दूर न्यायचे, त्याचे केस कापायचे, कपडे बदलायचे, मातृभाषा तोंडातून निघाली तर शिक्षा करायची. ल्यूथर स्टँडिंग बेअर या लकोटा लेखकाने पुढे लिहून ठेवले आहे की, फळ्यावर काही खुणा लिहिलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीला काठी लावायला त्याला सांगण्यात आले. ती खूण म्हणजे त्याचे नवे नाव! तिचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. कार्लाइलची शाळा १९१८ साली बंद झाली. तेथल्या दफनभूमीत दीडशेहून अधिक मुलांना पुरले गेले.

या शाळांच्या क्रौर्याविषयी आता पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे पंचांग. नवाहोंमध्ये कोल्ह्याच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या असतात. एरवी त्या सांगणे निषिद्ध मानतात. या गोष्टींतून प्राण्यांचे स्वभाव, रानातले वागणे, काय करावे आणि काय टाळावे हे मुलाला कळते. मेंढ्या वितात त्या वसंताच्या सुमाराला, आणि कोणते कोकरू जगेल हे त्या वेळी आजीच्या बाजूला उभे राहूनच शिकायचे. शाळेचे वर्ष नेमके शरदापासून वसंतापर्यंतचे. म्हणजे ज्या महिन्यांत ही विद्या दिली जाते, त्याच महिन्यांत मूल घरी नसे. भाषा तोडली हे सर्वांना दिसले. ऋतूंशी बांधलेला हा अभ्यासक्रमही त्याच बरोबर तुटला, हे फारच थोड्यांना दिसले.

आता मेंढ्यांकडे वळू. तहानुसार मिळालेल्या त्या मेंढ्या नवाहोंनी, विशेषतः त्यांच्या बायकांनी, अशा काही निगुतीने वाढवल्या की १९३० च्या सुमारास कळपांची संख्या लाखांवर गेली. कळप हे बहुधा स्त्रीच्या मालकीचे असत. लोकर तिची, माग तिचा, आणि म्हणून घरात शब्दही तिचा. त्या वेळी कोलोराडो नदीवर बोल्डर धरणाचे, म्हणजे ज्याला पुढे हूव्हर धरण म्हणू लागले त्याचे, काम चालू होते. नवाहो मुलुखातून वाहून येणारा गाळ या धरणात साठेल अशी इंजिनिअरांना धास्ती पडली. मृदासंधारणाच्या नव्या सरकारी खात्याचे शास्त्रज्ञ मोजणीच्या काठ्या घेऊन आले, त्यांनी धूप मोजली, कुरणाला किती तोंडे पोसवतील याचा हिशेब केला आणि निर्णय दिला की जनावरे जास्त झाली आहेत. १९३३ पासून कपातीची मोहीम सुरू झाली. काही ठिकाणी शेळ्या वाहून नेणे परवडेना म्हणून त्या जागच्या जागी गोळ्या घालून मारल्या आणि तशाच टाकून दिल्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत कळप सुमारे निम्म्यावर आले.

शेळीला रानाची वैरीण ठरवणारे अधिकारी आपल्याही परिचयाचे आहेत, म्हणून याचे फारसे नवल वाटू नये. नवल वाटावे ते दुसऱ्याच गोष्टीचे. ही मोहीम चालवणारा इंडियन खात्याचा मुख्य अधिकारी जॉन कॉलियर हा त्या खात्याला लाभलेल्या सर्वांत सहानुभूतीच्या माणसांपैकी एक होता. त्याने निवासी शाळांवरचा भर कमी केला, वस्त्यांजवळ दिवसाच्या शाळा उघडल्या, जमातींच्या भाषेला आणि धर्माचाराला मान दिला. धूपही खोटी नव्हती. जमिनीला घळी पडतच होत्या. पण त्या घळींना मेंढ्या किती कारण आणि अवर्षण व हवामानाचे दीर्घ फेरे किती, याविषयी पुढच्या संशोधकांत मतभेद झाले, आणि त्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या कळप हाकणाऱ्या बायकांना मात्र कोणी एक प्रश्नही विचारला नाही. सबंध जमातीच्या स्मरणात यातून एक चित्र कायमचे ठसले: कुरणाचा अभ्यास करणारा माणूस आला की त्याच्यामागून बंदूक येते.

पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात 'चराईची मर्यादा' नावाचे प्रकरण असतेच. नवाहो विद्यार्थिनी ते वाचते तेव्हा बाकावर तिच्याबरोबर तिची पणजीही बसलेली असते. शेजारच्या विद्यार्थ्याला जे गणिताचे सूत्र, तो तिच्या घरातला खटला असतो, आणि तोही एका बाजूचे न ऐकता निकाल दिलेला. गणिताची कितीही शिकवणी दिली तरी ही अडचण सुटत नाही, कारण ती गणिताची नाहीच.

याच मुलुखात १९४४ ते १९८६ या काळात जवळजवळ तीन कोटी टन युरेनियमचे खनिज खणून काढण्यात आले. खाणीत उतरलेले नवाहो मजूर धूळ खात होते, खाणीतलेच पाणी पीत होते, आणि तेच कपडे अंगावर घेऊन घरी जात होते. किरणोत्सर्ग म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगायचे म्हटले तरी त्यांच्या भाषेत त्याला शब्द नव्हता. १६ जुलै १९७९ रोजी चर्च रॉक येथील युरेनियम गिरणीचा बांध फुटला आणि नऊ कोटी चाळीस लाख गॅलन दूषित पाणी व अकराशे टन किरणोत्सर्गी गाळ प्वेर्को नदीत गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला होता. त्याचे नाव जगभर झाले, चर्च रॉकचे झाले नाही. नदीकाठी मेंढपाळ राहत होते, एवढे कारण सांगून आम्ही पुढे जातो. पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी त्या मुलुखात राहिल्या.

म्हणजे पर्यावरणशास्त्राची गरज या लोकांइतकी कोणाला असेल? आणि त्या शास्त्रावर विश्वास ठेवणे या लोकांइतके कोणाला अवघड जाईल? विषयाची खरी गाठ येथे आहे असे आम्हाला वाटते.

ही गाठ सोडवण्याची सुरुवात विद्यापीठांनी केली नाही. ती जमातीने केली. १९६६ साली ॲरिझोनात रफ रॉक येथे एक शाळा निघाली. तिचा कारभार नवाहो पालकांच्या मंडळाकडे होता, आणि त्या मंडळातल्या बहुतेकांनी शाळेचे तोंड फारसे पाहिलेले नव्हते. मुलांना नवाहो भाषा आणि नवाहो इतिहास शिकवायचा, असे त्यांनी ठरवले. या अनुभवावरून हिंमत धरून १९६८ साली नवाहो जमातीने स्वतःचे कॉलेज स्थापन केले. तहाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती! तीस मुलांमागची शाळा सरकारने दिली नाही, तेव्हा जमातीने आपले कॉलेजच काढले. एखाद्या जमातीने स्वतःच्या भूमीवर चालवलेले अमेरिकेतले हे पहिले कॉलेज. वर्ग प्रथम मेनी फार्म्स या गावी उसन्या जागेत भरले. १९७३ मध्ये ते सेली येथे स्वतःच्या जागेत गेले. तेथल्या इमारती नवाहो घराप्रमाणे, म्हणजे 'होगान'प्रमाणे, वर्तुळात मांडल्या आहेत. आज ते दिने कॉलेज या नावाने ओळखले जाते.

या कॉलेजच्या शिक्षणक्रमाचा पाया चार पायऱ्यांचा आहे. नवाहो भाषेत त्यांना नित्साहाकेस, नाहाता, ईना आणि सीहासिन म्हणतात: आधी विचार, मग योजना, मग ते जगणे, आणि शेवटी त्यावरचे मनन व त्यातून येणारा विश्वास. चार दिशांशी त्यांचे नाते जोडलेले आहे. हे ऐकून आपल्यापैकी काहींना श्रवण, मनन, निदिध्यासन यांची आठवण होईल. आम्हालाही झाली. पण असल्या साम्यात फार रमण्यात अर्थ नाही, कारण त्यांचा विचार त्यांच्या डोंगरांतून आला आहे.

आमच्या विषयाला अधिक जवळची अशी एक गोष्ट या कॉलेजच्या शिप्रॉक येथील शाखेत घडली. तेथे १९९० नंतरच्या काळात युरेनियमविषयीचा शिक्षणक्रम सुरू झाला. त्यात भूगर्भशास्त्र होते, रसायन होते, आणि त्याबरोबर एक अगदी साधे पण मूलगामी काम होते: किरणोत्सर्गाच्या परिभाषेचा नवाहो भाषेतला शब्दसंग्रह. युरेनियमला लोक 'लेत्सो' म्हणत, म्हणजे पिवळी माती. परंतु डोळ्याला न दिसणारी, हाताला न लागणारी, आणि वर्षे लोटली तरी पुरती न ओसरणारी शक्ती आजोबांना कोणत्या शब्दांत समजावायची? आपल्याकडे परिभाषेचे कोश करणाऱ्यांना हे काम किती कठीण असते ते ठाऊक आहे. फरक एवढाच की येथे शब्द चुकला तर कोणीतरी जुन्या खाणीतले दगड आणून घराची भिंत बांधील. जो विद्यार्थी हे शब्द घडवण्याच्या बैठकीला बसला, त्याला किरणोत्सर्ग पुरता समजल्यावाचून गत्यंतर नव्हते. दोन्ही भाषांत समजल्यावाचून नव्हते.

नवाहोंच्या मागोमाग इतर जमातींनीही कॉलेजे काढली. १९७३ मध्ये त्यांचा संघ झाला, १९७८ मध्ये त्यांना मदत देणारा कायदा झाला. विद्यार्थ्यामागे किती रक्कम देता येईल हे कायद्यात लिहिले होते. ती पुरी मिळाली अशी वर्षे फार थोडी. १९९४ साली अशा २९ कॉलेजांना 'लँड-ग्रँट' संस्थांचा, म्हणजे भूमिदानावर उभ्या असलेल्या विद्यापीठांचा, दर्जा देण्यात आला. या शब्दामागे एक मोठी गंमत आहे, तिला गंमत म्हणायचे असेल तर. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेच्या राज्यांना शेतकी व यंत्रविद्येची कॉलेजे काढण्यासाठी सरकारी जमीन दिली. ही सरकारी जमीन कोठून आली? २०२० साली एका अमेरिकन नियतकालिकाने कागदपत्रे धुंडाळून दाखवून दिले की, अशा ५२ विद्यापीठांना मिळालेली सुमारे एक कोटी सात लाख एकर जमीन जवळजवळ २५० जमातींकडून आलेली होती. तह करून, तह मोडून, कधी काहीच न देता. आणि १९९४ साली जमातींची स्वतःची कॉलेजे त्याच पंक्तीला बसली तेव्हा त्यांना जमीन मिळाली नाही. तिच्याऐवजी एका निधीचे व्याज मिळाले. ज्या विद्यापीठात जमातीचा मुलगा 'बाहेरून' येतो असे आपण म्हणतो, त्याचा पाया त्याच्या पूर्वजांच्या जमिनीवर असू शकतो.

नवाहो मुलुख सोडून आता आम्ही खंडाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यात जातो, कारण कॉलेजच्या बाजूने काय बदलावे लागते याचे उत्तम उदाहरण तेथे आहे. रॉबिन वॉल किमरर या पोटावाटोमी जमातीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचे आजोबा कार्लाइलच्या शाळेत नेलेल्या मुलांपैकी एक. १९७० नंतरच्या दशकात त्या वनविद्येच्या कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा, वनस्पतिशास्त्र का शिकायचे या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले की, जांभळे ॲस्टर आणि पिवळे गोल्डनरॉड शेजारी शेजारी उगवतात तेव्हा इतके सुंदर का दिसतात ते मला जाणून घ्यायचे आहे. हे शास्त्र नव्हे, असे त्यांना सांगण्यात आले. त्या गप्प बसल्या. पुढे कळले की प्रश्न शास्त्राचाच होता. जांभळा आणि पिवळा हे परस्परपूरक रंग मधमाशीच्या डोळ्यालाही आकर्षून घेतात, आणि जोडीने उगवलेल्या फुलांवर माश्या अधिक येतात. पुढे त्याच कॉलेजात त्या प्राध्यापक झाल्या आणि तेथे मूळ रहिवाशांच्या पर्यावरणज्ञानाचे केंद्र त्यांनी उभे केले.

त्यांच्या एका विद्यार्थिनीने स्वीटग्रास नावाच्या सुगंधी गवतावर प्रबंध लिहिला. या गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांचे म्हणणे असे होते की, नेमाने तोडले, निम्म्याहून जास्त घेतले नाही, तर गवत वाढते, आणि न तोडले तर ते रोडावते. परीक्षक मंडळातल्या प्राध्यापकांना हे उलटे वाटले. तोडल्याने गवत घटते हे सर्वज्ञातच नव्हे काय? मग रीतसर आखणी करून काही तुकडे तोडायचे, काही न तोडता ठेवायचे असे करून पाहिले. न तोडलेले तुकडे मागे पडले. टोपलीवाल्या बायका बरोबर ठरल्या. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, विद्यार्थिनीला आपले घरचे ज्ञान बाहेर ठेवून वर्गात जावे लागले नाही, आणि शास्त्राची शिस्तही सैल करावी लागली नाही. मोजमाप पुरते झाले, आकडे पुरते आले. १९३३ च्या मोजणीदारांनी जो प्रश्न विचारला नव्हता तो येथे विचारला गेला, इतकेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या विषयावर लिहिणाऱ्या काही मंडळींच्या लेखणीला अलीकडे भाबडेपणाची लागण झाली आहे. वडीलधाऱ्यांना वर्षातून एकदा कॉलेजात बोलवावे, चार गोष्टी ऐकाव्या, शाल द्यावी, आणि अभ्यासक्रम होता तसाच पुढे चालू ठेवावा! याने कोणाचे भले होत नाही. जमातींच्या कॉलेजांतही पैशाची चणचण, शिक्षकांची चणचण, अर्ध्यावर सोडून जाणारे विद्यार्थी, हे सारे आहे. नवाहो मुलुख आपल्या मराठवाड्याहून थोडा मोठा, वस्ती विरळ, रस्ते कच्चे, कित्येक घरांत नळ नाही. तेथून मोठ्या विद्यापीठात गेलेली मुलगी दहा जणांच्या वर्गातून शेकडोंच्या सभागृहात जाऊन पडते. घरी कोणाचा विधी निघाला, कोणी वारले, तर तिला जावेच लागते. गैरहजेरीच्या नियमात मात्र 'जवळचे नातेवाईक' म्हणजे कोण याची व्याख्या दुसऱ्याच समाजाने केलेली असते. प्रेताला किंवा मेलेल्या प्राण्याला हात लावणे तिच्या घरी निषिद्ध असू शकते. प्रयोगशाळेत विच्छेदन सक्तीचे असते. आणि गणितही कच्चे असतेच, कारण तिची शाळा गरीब होती. शिकवणी हवी, शिष्यवृत्ती हवी, घरच्या माणसांना घेऊन राहता येईल अशी खोली हवी. आमचे म्हणणे एवढेच की हे सगळे देऊनही, अभ्यासाचा प्रश्न कोणाचा आहे, हे ठरवण्याचा अधिकार दिला नाही, तर ती टिकेलच असे नाही.

५ ऑगस्ट २०१५ रोजी कोलोराडो राज्यातील गोल्ड किंग या जुन्या खाणीच्या तोंडावर सरकारी पर्यावरण खात्याची माणसे काम करीत असताना आतले साठलेले पाणी फुटून बाहेर आले. सुमारे तीस लाख गॅलन. नदी पिवळी झाली, आणि तो लोंढा सॅन ह्वान नदीतून नवाहोंच्या शेतांपर्यंत आला. ऐन मक्याच्या दिवसांत शिप्रॉकच्या शेतकऱ्यांनी कालवा वर्षभर बंद ठेवण्याचा ठराव केला. खात्याने धोक्याचा हिशेब केला तो नदीकाठी हिंडायला येणाऱ्या प्रवाशाला डोळ्यांपुढे ठेवून.

त्या वेळी ॲरिझोना विद्यापीठात जलशास्त्राच्या प्राध्यापक होत्या कार्लेटा चीफ. ब्लॅक मेसा या कोळशाच्या खाणींच्या पठारावर, वीज आणि नळ नसलेल्या घरात वाढलेल्या त्या नवाहो बाई. घरातून कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या पिढीतल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवाहो विद्यार्थ्यांना हाताशी धरून तीन वस्त्यांवर जाऊन लोकांना विचारले की, तुम्ही या नदीचे काय काय करता? उत्तरांची यादी झाली ती चाळीसहून अधिक निरनिराळ्या कामांची. पाणी शेताला, पाणी मेंढ्यांना, चिखल अंगाला, वाळू विधीला, काठावरची वनस्पती औषधाला, मुलांचे खेळणे, पहाटेची प्रार्थना. नदीकाठी हिंडणाऱ्या प्रवाशाच्या हिशेबात यांतले बहुतेक काही नव्हते. मग माती तपासली, पाणी तपासले, माणसांचे रक्त आणि लघवी तपासली, आणि निष्कर्ष हाती आले तेव्हा ते त्या वस्त्यांवर सभा भरवून लोकांना सांगितले.